शर्वरीचं लांबलेलं उष्टावण

माझी मुलगी शर्वरी अकरा महिन्यांची असताना सतरा दिवस दवाखान्यात होती. आता ती साडेतीन वर्षांची आहे. तिच्या आजारपणाची हकिकत आमच्या नातेवाइकांना ठाऊक आहे, पण ती मी सांगितलेली आहे आणि पुरती खरी नाही. आजीच्या जुन्या वळणामुळं पोरीला वेळेवर अन्न मिळालं नाही, असं सगळा गोतावळा धरून चालतो. माझ्या आईनं ते कधी खोडून काढलं नाही. मीही काढलं नाही. म्हणून हे लिहितोय.

मी सत्तेचाळीस वर्षांचा. धाराशिवला एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे. मूळ घर तुळजापूरचं, पूजाअर्चेतलं, घरात अंडंसुद्धा येत नाही. मी फार बोलत नाही. लोक त्याला सज्जनपणा म्हणत आले आणि मी ते मान्य करत आलो.

बारसं

लग्नानंतर अकरा वर्षांनी शर्वरी झाली. त्या अकरा वर्षांत माझ्या बायकोला, वैशालीला, काय काय ऐकावं लागलं ते मी ऐकलेलं आहे. नात्यात कुणाचं डोहाळजेवण असलं की तिला मागच्या खोलीत काम सांगायचे. तपासण्या झाल्या होत्या आणि कमतरता माझ्यात निघाली होती. तो रिपोर्ट मी कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवला. कुणाला सांगितलं नाही. वैशालीनंही नाही. पुढं बार्शीला उपचार झाले. तिथं बहुतेक वेळा तिचा धाकटा भाऊ संतोष तिला घेऊन जायचा, कारण मला रजा मिळायची नाही. खरं म्हणजे मी मागायचो नाही.

बाळंतपण माहेरी, परंड्याला झालं. संतोषचं तिथं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. बारशाला दोन्हीकडची माणसं जमली होती. पंगत बसली तेव्हा माझी एक मावशी हसत म्हणाली, अखेर देवीनं आमच्या सुनेची कूस उघडली. संतोष बुंदी वाढत होता. तो जागीच थांबला.

"कूस बंद नव्हतीच, मावशी. बार्शीला रिपोर्ट म्या बघितलाय. दोष आमच्या ताईत नव्हता."

मग कुणीतरी मठ्ठा मागितला आणि पुन्हा वाढप सुरू झालं.

अकरा वर्षांत मी एकदाही जे म्हणालो नाही ते तो एका दमात म्हणाला. मी अर्ध्या ताटावरून उठलो. निघताना त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. वैशाली दारात बाळ घेऊन उभी होती, तिनं ऐकलं.

सातवा, नववा, अकरावा

आमच्याकडं मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. पाचवा, सातवा, नववा, फार तर अकरावा. बाळाला मांडीवर घेऊन मामानं खिरीचा पहिला घास भरवायचा. तोवर फक्त आईचं दूध. रीत म्हणून यात वाईट काही नाही. सहा महिने अंगावरचं आणि मग वरचं, असं दवाखान्यातही सांगतात. आमच्या घरात अडचण एकच होती. मामाला मी दार बंद केलं होतं.

सातवा लागला तसं आई म्हणाली, संतोषला बोलाव. मी नको म्हणालो. दोन दिवसांनी मी जेवायला बसलो असताना तिनं पुन्हा विषय काढला. या पुढचं बोलणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"चुलत मामा चालतो. तोबी नको असंल तर देवीच्या नैवेद्यातलं मी भरवते. रीत माणसासाठी असती रे."

मी म्हणालो, "करायचं तर रीतसर. सख्खा मामा असताना दुसरा का, असं लोक विचारतील. तू सांगणार आहेस का त्यांना?"

आई उठून आत गेली. सातवा टळला. आठवा सम, तो आपोआप गेला. नवव्यात मी परीक्षेच्या कामाचं कारण सांगितलं. दहावा पुन्हा सम. एक महिना हुकला की दोन जातात. वैशालीनं एकदा विचारलं, खिमट तरी सुरू करू का? मी म्हणालो, आईला चालायचं नाही. आईला चालणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोघी एकाच घरात राहत होत्या आणि मी दोघींच्या मधे उभा होतो. एकीचं दुसरीला कळू दिलं नाही.

नवव्या महिन्यात लस टोचायला गेलो, तेव्हा सिस्टरनं वजन केलं, थोडी थांबली, पुन्हा केलं. बाळ वरचं काय खातं, असं विचारलं. मी म्हणालो, मऊ वरण-भात. का म्हणालो? नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न "का" असा आला असता.

शहाणं बाळ

शर्वरी गुबगुबीत दिसायची. उपाशी लेकरू म्हणजे हाडं दिसणारं, अशी आपली कल्पना. तिचं तसं नव्हतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट सगळे कौतुक करायचे. किती शहाणी आहे, ठेवली तिथं राहते, रडत नाही. शेजारच्या काकू तर म्हणायच्या, आमच्या नातवाला चार दिवस हिच्या शाळेत घाला.

सातव्या महिन्यात ती उशी लावून बसायची, टाळ्या वाजवायची, मी बूट घालायला लागलो की ओरडायची. दहाव्यात हे सगळं गेलं. एकेक करून गेलं, म्हणून कळलं नाही. केस भुरे झाले. बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला, तो आई बेसन लावून घासायची. एके दिवशी वैशाली म्हणाली, "अहो, ही माझ्याकडं बघत नाही." मी म्हणालो, सगळी मुलं सारखी नसतात.

वैशालीच्या पायांना तेव्हा मुंग्या यायच्या. मी तिला चप्पल बदलायला सांगितली होती.

अकरावा संपता संपता एका सकाळी शर्वरी सतरंजीवर पडली होती आणि तिचा उजवा हात थरथरत होता. मी हात धरला तर थांबला. सोडला की पुन्हा सुरू. उचललं तर मान मागं पडली. चार महिन्यांपूर्वी ही मान ताठ होती.

पहिले तीन दिवस

रिक्षानं मुलांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, पेरं निरखून पाहिली. आधी काय करत होती जे आता करत नाही, असं विचारलं. वैशाली बोटांवर मोजायला लागली. हसणं, पालथं पडणं, बसणं, टाळ्या, मान धरणं. एका हाताची बोटं संपली आणि ती थांबली.

मग बाईंनी विचारलं, वरचं काय काय खाते?

"सगळं खाते. वरण-भात, खिमट." मीच उत्तर दिलं.

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. आई खाली फरशीकडं बघत होती. बाईंनी लिहून घेतलं.

त्या एका ओळीमुळं पुढचे दोन दिवस शोध भलतीकडं गेला. रक्त काढलं, ते पुन्हा काढलं. मेंदूत संसर्ग असेल का म्हणून दुसऱ्या दिवशी पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. मला बाहेर थांबवलं होतं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. तो मोठा नव्हता. मोठ्यानं रडायची ताकदही तिच्यात राहिली नव्हती. खरं सांगितलं असतं तर कदाचित ती सुई टळली असती. मी दाराला टेकून उभा होतो आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी राउंडला बाई म्हणाल्या की, सोलापूरला नेऊन मेंदूचा स्कॅन करावा लागेल. लक्षणं कशाची आहेत याचा त्यांना अंदाज होता, पण तो माझ्या उत्तराशी जुळत नव्हता. त्या जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पोटात अन्न जातंय म्हणता, तर मला दुसरं काहीतरी शोधायलाच पाहिजे."

तेव्हा मी बोललो. म्हणालो, अन्न जात नाही. अजून एक कणही दिलेला नाही. आमच्यात उष्टावण झाल्याशिवाय देत नाहीत, आणि ते राहिलं.

बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. त्या माझ्या आईकडं वळल्या. "आजी, रीत करा ना. पण लेकराला उपाशी ठेवून नको."

आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "चुकलं."

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला जागा होती, वेळही होता. मी उघडलं नाही. हे सगळं लिहायचं खरं कारण ते अर्धं मिनिट आहे.

कॉटवर

त्याच दुपारी इंजेक्शनं सुरू झाली. बाईंनी समजावलं ते मला कळलं तेवढं सांगतो. मेंदूच्या वाढीला बी-ट्वेल्व्ह लागतं. वैशालीच्या अंगात ते फारच कमी होतं, तिच्या पायांच्या मुंग्याही त्याच्याच. बाळ पोटभर दूध पीत होतं, पण दुधातून ते उतरतच नव्हतं, आणि अन्नाचा दुसरा रस्ता आम्ही बंद ठेवला होता. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढतो, त्यात हे अडलं. इंजेक्शनं मायलेकी दोघींना सुरू झाली.

मी विचारलं, पूर्ववत होईल का? बाई म्हणाल्या, "बऱ्यापैकी येईल. पूर्ण येईल असं आज मी म्हणणार नाही."

शेजारच्या कॉटवर जळकोटची एक आजी होती, मेंढपाळाच्या घरातली. तिच्या दोन वर्षांच्या नातीनं चुलीवरचं चहाचं पातेलं ओढलं होतं आणि छाती-हात भाजले होते. आजी दिवसभर बोलायची, स्वतःला शिव्या घालायची, पातेल्याची मूठ बाहेरच्या बाजूला कशी ठेवली ते येईल त्याला सांगायची. सिस्टर, डबेवाले, झाडणारी बाई, कुणीही सुटायचं नाही. म्हणायची, "सांगतीया म्हंजी त्येंच्या घरात तरी मूठ आत व्हईल." मला तिचा हेवा वाटायचा.

उष्टावणाचं तिनं ऐकलं होतंच, वॉर्डात पडदेच असतात. तिसऱ्या दिवशीच संध्याकाळी वैशाली मुगाची पातळ खिचडी वाटीत घेऊन बसली, आणि आई दबक्या आवाजात म्हणाली की, निदान देवाचं नाव घेऊन भरव. आजी पलीकडून म्हणाली, "आमच्यात मामा मेंढरामागं असतोय. सा सा म्हैनं गावात न्हाय. भूक काय मामाची वाट बघती व्हय?" मग माझ्याकडं बघून, "आन् बापाला काय हात न्हाईत का?"

माझ्या हातात चमचा द्यायला वैशाली तयार नव्हती. तिनंच भरवलं. शर्वरीनं जिभेनं सगळं बाहेर ढकललं. अकरा महिने झालेल्या लेकराला गिळायचं कसं ते माहीत नव्हतं. आजीनं उठून दाखवलं, चमचा जिभेवर मधे टेकवायचा, घाई करायची नाही, पुसत बसायचं नाही. अर्ध्या वाटीला पाऊण तास लागला. पोटात किती गेलं असेल? दोन चमचे.

मग दिवस त्यावरच चालायला लागले. सकाळी वजन, दहाला राउंड, सुई, वाटी, झोप, वाटी. चौथ्या-पाचव्या दिवशी थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. हात, जीभ, हनुवटी, सगळं हलायचं. मी बाईंच्या मागं धावलो. त्या म्हणाल्या, औषध लागू पडताना हे असं होतं, काही आठवड्यांत जाईल. विश्वास ठेवण्याखेरीज काही हातात नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी कॉटजवळ डब्याचं झाकण काढत होतो. ते खाली पडलं आणि फरशीवर गोल फिरत राहिलं. शर्वरीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. ते थांबेपर्यंत पाहिलं. वैशालीनं झाकण उचलून पुन्हा पाडलं. पुन्हा पाडलं. सिस्टर ओरडायला आल्या आणि तशाच बघत उभ्या राहिल्या.

संतोष

त्याला वैशालीनं फोन केला होता, मला न विचारता. तो परंड्याहून एसटीनं आला तेव्हा मी खाली चहा घेत होतो. वर आलो तर तो कॉटजवळ उभा, हातात केळी. वाद होईल म्हणून आई आधीच उठून उभी राहिली होती. मी काहीतरी पुटपुटलो, बस म्हणालो बहुतेक.

तो म्हणाला, "दाजी, मला बोलवायचं नव्हतं तर नसतं बोलवलं. तिला खायला घालायचं ना."

एवढं बोलून तो वाटी-चमचा घेऊन धुवायला गेला. चार दिवस राहिला. दुकान बंद ठेवून राहिला. माफी मागायला मला पुढं दीड वर्ष लागलं, आणि तीही मी फोनवर मागितली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी जेवली का?"

घरी

थरथर पाचव्या आठवड्यात गेली. शर्वरी बसायला लागली, मग रांगली. दोन वर्षांची व्हायला दोन महिने असताना चालली. पहिला शब्द अडीच वर्षांची झाल्यावर आला, "मांजर". अंगणवाडीत आता ती बसते, गाण्यांवर हात हलवते, पण तिच्या वयाची मुलं गोष्ट सांगतात आणि ती दोन-तीन शब्दांत काम भागवते. रंग ओळखायला वेळ घेते. डॉक्टर बाई दर सहा महिन्यांनी तपासतात. हे मागं पडणं भरून येईल की थोडं राहील, असं मी दर वेळी विचारतो. दर वेळी त्या तेच सांगतात: बोलत राहा, खेळत राहा, बघू. या उत्तरासोबत मला राहायचं आहे.

घरात मोठं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. वैशाली कित्येक महिने माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा भाजी निवडताना तिनं आपणहून सांगितलं की, आठव्या महिन्यात एका दुपारी तिनं बोटानं वरणाचं पाणी शर्वरीला चाटवलं होतं. शर्वरीनं बोट सोडलं नव्हतं. तेवढ्यात आई येताना दिसली आणि तिनं घाईनं लेकराचं तोंड पुसलं. "आईंना चालत नाही, असं तुम्ही म्हणाला होता," ती म्हणाली. मग भाजी निवडत राहिली.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. आई काय म्हणाली होती, मी काय उत्तर दिलं होतं. तिनं विळी बाजूला ठेवली, उठली, आणि आईच्या खोलीत जाऊन बसली. आत दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. तेव्हापासून आईचं ताट ती स्वतः वाढते.

लिहिणार आहे असं आईला सांगितलं तेव्हा ती जप करत होती. म्हणाली, "इतक्या दिसांनी?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग तुझ्या मावशीला आधी वाचून दाखव. तिनं मला लई बोललंय." मावशीला वाचून दाखवलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

कार्यालयात

मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयातला एक सहकारी चहाच्या वेळी सहज म्हणाला की, घरी नात आहे, सातवा संपत आलाय, पण मामाला पुण्याहून सुट्टी नाही, म्हणून उष्टावण नवव्यात ठेवलंय. बाकीचे पेढ्यांचं विचारायला लागले. मला तिथून उठून जाता आलं असतं. मी एरवी उठूनच जातो.

मी त्याला विचारलं, सध्या वरचं काय देता? तो हसला. "उष्टावणाआधी कसं देणार?"

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. त्याच्यासकट चार जण तिथं होते. शर्वरीला काय झालं ते सांगितलं. मग का झालं ते सांगितलं, म्हणजे बारसं, रिपोर्ट, रिपोर्टात कुणाचं नाव होतं ते. आई काय म्हणाली होती ते. सिस्टरला आणि डॉक्टरांना मी काय खोटं सांगितलं ते. बोलताना मधेच एक विद्यार्थी बोनाफाईडचा दाखला मागायला आला, त्याला नंतर ये म्हणालो. संपल्यावर एक जण खिडकीशी जाऊन उभा राहिला.

सहकाऱ्यानं मोबाइल काढला. घरी बायकोला लावला. "ऐक, मुगाचं पातळ काहीतरी कर आणि पोरीला दे. आजच. मामाचं मी बघतो. न्हाई, मुहूर्त बिहूर्त न्हाई, तू कर."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "दिलं. सगळं थुंकलं तिनं."

म्हटलं, थुंकू दे. आज पुन्हा द्या.